खांबाचा कोपरा

"शाळा आली की डावीकडे वळायचं," म्हातारा फोनवर म्हणाला. "मग नोवाकच्या लाल कोठारापाशी फाटक लागेल, त्यातून आत. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाहीस."

मी चुकले. पाऊण तास त्या खडीच्या रस्त्यांवरून गाडी फिरवली. धुरळ्याने मागची काच पांढरीफट्ट झाली, घशाला कोरड पडली, पण शाळा काही येईना. इकडे मका, तिकडे कुरण, मध्ये तारेचं कुंपण, आणि वर हे एवढं मोठं आभाळ. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवलं.

"शाळा? ती तू मागेच टाकलीस की," तो म्हणाला. "कोपऱ्यावर जांभळ्या फुलांचं झुडूप दिसलं ना? तीच शाळा."

"अहो, ते झुडूप आहे!"

"हो. शाळा एकसष्ट साली जळाली. झुडूप राहिलं."

"आणि नोवाकचं लाल कोठार?"

"ते वादळात गेलं," डोक्यावरची टोपी मागे सारत तो म्हणाला. "पण फाटक आहे. फाटक सापडेल तुला."

त्या काउंटीतले सगळे पत्ते असे नसलेल्या गोष्टींचे होते. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. नेब्रास्काच्या पश्चिमेला होती ती. नाव सांगत नाही, अजून ओळखीची माणसं आहेत तिथे. आपल्या तीन तालुक्यांएवढा मुलूख आणि त्यात माणसं किती, तर अठ्ठावीसशे. मिरजेहून मावशी पत्रात विचारायची, "कुंदे, घराबाहेर पडलं की उंच उंच इमारती असतील ना गं?" उंच म्हणून एकच गोष्ट होती, गावाबाहेरचे धान्य साठवायचे बुरूज. बाकी एक लुकलुकणारा लाल दिवा, एक कॅफे, तीन चर्च, आणि चौदा खाटांचा दवाखाना. त्या दवाखान्यात यायला दुसरा कुणी डॉक्टर तयार होईना, म्हणून माझा नवरा विद्याधर तिथे आला आणि त्याच्यामागे मी. गावात मला कुणी नावाने हाक मारत नसे. मी 'डॉक्टरांची बायको'.

माझे वडील, अण्णा, मिरजेला मोजणीदार होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर साखळीचं टोक धरून बांधाबांधाने हिंडलेली. पुढे मीही सिटी सर्व्हेत सहा वर्षं नोकरी केली. तेव्हा सत्त्याण्णव साली काउंटीच्या कचेरीत नकाशे वाचू शकणारं माणूस हवंय असं कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी तिथे जाऊन उभी राहिले.

काम असं होतं. अँब्युलन्ससाठी फोन केला की तोवर तो शेरीफच्या कचेरीत डॉरिसला लागायचा. सव्वीस वर्षं ती त्या फोनवर बसलेली. कुणी नुसतं "डॉरिस, बाबा पडले गं" म्हटलं तरी आवाजावरून तिला घर कळायचं. पण एक जुलैपासून सगळे फोन नव्वद मैलांवरच्या मोठ्या केंद्रात जाणार होते. तिथल्या मुलींना ना जळालेली शाळा ठाऊक ना झुडूप. म्हणून प्रत्येक घराला नंबर द्यायचा, नकाशावर चढवायचा आणि घराच्या वाटेवर हिरव्या पाटीचा लोखंडी खांब ठोकायचा. फोन वाजला की केंद्रातल्या पडद्यावर नंबर आपोआप उमटणार.

त्या चार महिन्यांत मी अमेरिका पाहिली, जी मावशीला पत्रात कधी लिहिली नाही. थंडीत सगळं घर बंद करून एका स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या. खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेल्या घरात आई, तीन पोरं आणि आजोबांचं ऑक्सिजनचं नळकांडं पाहिलं. विहिरीच्या पाण्याला लोखंडाचा वास, आणि बाळंतपणाला जायचं तर सत्तर मैल. पण दाराला कुलूप कुणाच्याच नाही. रस्त्यावर समोरून गाडी आली की ओळख असो नसो, स्टिअरिंगवरची दोन बोटं वर व्हायचीच. आणि कुणाकडे दुखलंखुपलं, कुणी गेलं, की अख्खा गाव झाकलेली भांडी घेऊन दारात हजर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर घरधनिणीचं नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. हे मात्र मला अगदी मिरजेसारखं वाटायचं.

तर, फाटक सापडलं.

कुरणातून अर्धा मैल गेल्यावर घर आलं. पांढरा रंग उडालेलं, पण पडदे इस्त्रीचे. फोनवरचा म्हातारा, हार्लन, दारात उभा होता. ऐंशीला टेकलेला, उंच, खांद्यातून जरा वाकलेला. त्याच्यामागून त्याची बायको ओपल आली. बुटकी, गोल, एप्रनला हात पुसत.

"तुझं नाव काय?" तिने पहिलाच प्रश्न केला.

"डॉक्टर जोशींची—"

"ते ठाऊक आहे. तुझं?"

"कुंदा."

तिने म्हणून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा म्हटलं. जीभ दातांना लावून तिसऱ्यांदा म्हटलं, आणि अगदी माझ्या आईने म्हटल्यासारखं निघालं. त्या काउंटीत दोन वर्षांत माझं नाव घेणारी ती पहिली बाई. मला एकदम भरूनच आलं.

कॉफी झाली, गप्पा झाल्या. बुडाला नाव लावलेल्या भांड्यांचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीतरी घालूनच द्यायचं."

"अरे देवा!" ओपल हसायला लागली. "म्हणजे एक भांडं सुरू झालं की थांबायचंच नाही!"

मग मी नकाशा पसरला आणि खांबाचं काढलं. हार्लनचा चेहरा दगडासारखा झाला.

"मला नंबर नको."

"अहो, पण अँब्युलन्स लागली तर—"

"नव्वद वर्षं आमचं घर इथे आहे. पोस्टमन ओळखतो, डॉरिस ओळखते. मी काही तुरुंगातला कैदी नाही नंबर लावायला."

"डॉरिस जुलैपासून नसणार. तिकडच्या मुलींना कसं कळायचं तुम्ही कुठे राहता?"

त्याने आवाज करत कप ठेवला. "बाहेरून आलेल्या बाईने येऊन मला सांगायचं मी कुठे राहतो?"

"हार्लन!" ओपल म्हणाली.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, ही पोर एक दिवस रागापायी हात दाखवून अवलक्षण करून घेईल. पायाची आग मस्तकात गेली. नकाशा गुंडाळला आणि उठले. "ठीक आहे. तुमची जमीन तुमची. रस्ता काउंटीचा आहे."

मी गाडी सुरू करते तोवर ओपल धापा टाकत आली. रूबार्ब म्हणून आंबट देठं असतात, आपल्या अंबाडीसारखी. त्यांचा केक केलेला होता. काचेचं अख्खं भांडं तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

"वरून नारळासारखा आहे तो, मनावर घेऊ नको," ती म्हणाली. "भांड्याची घाई नाही. पण रिकामं आणू नकोस हं!"

आता इथे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळं याच्यातच आहे.

त्या घराला दोन वाटा होत्या. खरी, कागदावरची वाट दक्षिणेकडची. मोठ्या रस्त्यावरून फुटायची, अर्धा मैल वळणं घेत यायची, लाकडी पुलावरून ओढा ओलांडायची आणि घराच्या पुढच्या दाराशी पोचायची. पण तो पूल दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला होता. काउंटीने 'रस्ता बंद' अशी फळी लावली, ती वाऱ्याने उडून खंदकात पडली. तेव्हापासून हार्लन-ओपल उत्तरेकडून, नोवाकच्या फाटकातून जा-ये करत. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

मलाही ठाऊक होतं. मी स्वतः फाटकातून गेले होते.

नियम म्हणत होता की घराचं तोंड ज्या रस्त्याकडे, त्या रस्त्याचा नंबर. रस्तेखात्याचा गॅरी म्हणाला, "नकाशाप्रमाणे टाक. पूल पुढच्या वर्षी होणारच आहे." फॉर्मवर शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. केंद्रातल्या पडद्यावर तो शेराही दिसायचा. 'कुत्रा चावरा', 'जिना मागून', असं मी इतर घरांसाठी लिहीत असे. इथे एक ओळ लिहायची होती: पूल नाही, उत्तरेच्या फाटकाने जावे. पण पेन हातात घेतलं की कानात तेच, बाहेरून आलेली बाई. म्हटलं, मरू दे. नंबर नकोय ना त्याला? मग शेरा कशाला हवाय? बघतेच म्हातारा काय करतो ते.

रकाना कोरा ठेवला. अठराशे चौऱ्याहत्तर नंबर दिला. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गॅरीच्या माणसांबरोबर जाऊन दक्षिणेच्या कोपऱ्यावर, काउंटीच्या हद्दीत, खांब ठोकून घेतला. चांगला दोन फूट खोल. ठोकताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

अण्णा म्हणायचे, "कुंदे, पायाने तुडवलेलं एक आणि कागदावर ओढलेलं एक, असं करणाऱ्या मोजणीदाराला नरकातही जागा नाही." त्यांच्याच लेकीने ते केलं होतं.

ऑगस्टमधला गुरुवार. दुपारचं एक वाजून गेलेलं. डॉरिसला आता कचेरीत माझ्यासमोरचं टेबल दिलं होतं, वाहनांच्या कागदांचं काम. पण सवय जाते कुठे? जुना रेडिओ ती खणावर ठेवून असायची, सगळ्या अँब्युलन्सचं बोलणं ऐकत. नुसतं ऐकू यायचं, बोलता यायचं नाही.

आमच्या काउंटीची अँब्युलन्स सकाळपासून दुसऱ्या टोकाला होती, यंत्रात हात सापडलेल्या एका माणसाजवळ. म्हणून शेजारच्या काउंटीची गाडी निघालेली रेडिओवर कळलं. छातीत दुखतंय, बाई, वय शहात्तर. नंबर अठराशे चौऱ्याहत्तर.

"हे कुणाचं गं?" डॉरिसने विचारलं. नंबरांशी तिचं कधी जमलंच नाही.

नंबर मीच दिलेला. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"खांबापाशी वळलो. आत चाललोय."

आणि मग, मिनिटभराने, "केंद्र, इथे पूल नाहीये. समोर ओढा आहे, दुथडी भरलेला. घर दिसतंय पलीकडे. पलीकडे एक माणूस उभा आहे, हात हलवतोय."

"हार्लन!" डॉरिस ताडकन उठली. "अगं, दक्षिणेने कशाला गेले हे गाढव? फाटकाने जायचं!" तिने फोन उचलला, केंद्राचा नंबर फिरवला, तिकडून वाट पाहायला सांगणारं संगीत लागलं. "अगं उचला ना, उचला!" ती फोनवर ओरडत होती. सव्वीस वर्षं जिने दुसऱ्या घंटेला फोन उचलला, ती बाई. मी नुसती उभी.

शेवटी कुणीतरी उचलला. डॉरिसने रस्ता सांगितला. मागे फिरा, झुडपापाशी वळा, कोठाराच्या... मग स्वतःलाच थांबवून, "फाटक! पांढरं फाटक, खिळा सैल आहे, उचलून ढकला." अकरा मैलांचा फेरा. बावीस मिनिटं गेली त्यात.

गाडी दवाखान्यात पोचली तेव्हा ओपल गेलेली होती.

संध्याकाळी विद्याधर घरी आला, हातपाय धुतले. मी विचारलं, "बावीस मिनिटं आधी पोचली असती तर?"

"सांगता येत नाही."

"मला डॉक्टर म्हणून नको सांगूस."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "कदाचित वाचली असती, कुंदा. कदाचित." मग मी त्याला शेऱ्याच्या रकान्याचं सांगितलं. "आता काय करणार आहेस?" एवढंच त्याने विचारलं.

मी काय करणार होते? काहीच नाही. भित्री झाले होते मी. नोकरी जाईल, विद्याधरचं नाव खराब होईल, गावातून तोंड लपवून जावं लागेल, हे सगळं मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

शनिवारी ओपलच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लांब टेबलावर ओळीने भांडी, प्रत्येकाच्या बुडाला नाव. आणि सगळीकडे एकच कुजबुज. "सांगत होते त्याला नंबर घे म्हणून." "फोनवर बिचारी मुलगी पत्ता विचारतेय आणि हा म्हणे शाळेपाशी वळा." "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ना," अशा अर्थाचं काहीतरी तिकडच्या भाषेत. मी कोशिंबिरीचा वाडगा हातात धरून ऐकत होते. कुणी माझं नाव घेतलं नाही. कुणाला सुचलंच नाही. खांब तिथे कुणी ठोकला, कुणी विचारलंच नाही. उलट दोघीतिघींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तर प्रयत्न केला होतास गं."

हार्लन भिंतीला टेकून खुर्चीत बसलेला. मी समोर गेले तर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. त्या मुलीने नंबर विचारला आणि मला तो ठाऊक नव्हता. मी मारलं तिला."

मला तिथेच सांगता आलं असतं. तीनशे माणसं होती. मी म्हटलं, "असं म्हणू नका," आणि पुढे सरकले. याहून नीच गोष्ट मी जन्मात केली नाही.

रविवारी सकाळी फडताळ उघडलं तर ते काचेचं भांडं समोर. ओपलचं. दोन महिने मी ते परत केलं नव्हतं, आधी रागाने, मग काय घालून द्यावं ते ठरेना म्हणून. उलटं केलं. बुडाला चिकटपट्टी, निळ्या शाईत 'ओपल'. मी तिथेच फरशीवर बसले आणि हंबरडा फोडला. विद्याधर दारात आला. मला तसंच रडू दिलं त्याने.

मग उठले. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात नेतात. डाळीचं पीठ मावशीने पाठवलेलं होतं. लसणीची फोडणी दिली, पिठलं ढवळलं, गुठळी होऊ दिली नाही. भांड्यात अर्ध्या भागात भात, अर्ध्यात पिठलं. झाकलं आणि निघाले. झुडपापाशी डावीकडे वळले. फाटक उचलून ढकललं.

हार्लन स्वयंपाकघरात एकटा बसलेला. ओट्यावर गावाची पंधरावीस भांडी, सगळी जशीच्या तशी झाकलेली. मी ओपलचं भांडं टेबलावर ठेवलं. त्याने ते ओळखलं.

"हे आमच्याकडे दुःखाच्या घरी नेतात," मी म्हटलं. "खाण्याआधी मला काही सांगायचंय. ऐकल्यावर नको वाटलं तर टाकून द्या."

आणि सांगितलं. काही वगळलं नाही. फाटकातून मी स्वतः आले होते, पूल नाही हे मला ठाऊक होतं, फॉर्मवर एक ओळ लिहायची होती, ती मी तुमच्यावरच्या रागाने लिहिली नाही. "तुम्हाला नंबर ठाऊक नव्हता म्हणून उशीर झाला नाही. नंबर पडद्यावर उमटला होता. नंबरानेच त्यांना ओढ्यावर नेलं. माझ्या नंबराने."

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू होती. मला वाटलं, आता हा मला हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"मी पाहिला होता तो खांब," तो म्हणाला.

"काय?"

"जूनमध्ये. ट्रॅक्टरवरून. चुकीच्या कोपऱ्यावर ठोकलाय हे लगेच कळलं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "घरी येऊन ओपलला सांगितलं, हसलो. ती म्हणाली, अहो, फोन करा कुंदाला, सांगा. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, चुकू दे तिला. मोठी नकाशे वाचणारी आली आहे. चुकू दे."

माझं नाव त्याने बरोबर घेतलं. बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून आलं असणार.

"त्या दिवशी मी ओढ्यावर धावलो," तो म्हणाला. "पलीकडे ते दोघं उभे. त्यांचे चेहरे दिसत होते मला, इतके जवळ. आणि त्यांच्यामागे, लांब, कोपऱ्यावर तुझी ती हिरवी पाटी चमकत होती."

मी रडत होते. तो रडत नव्हता, पण त्याचा जबडा हलत होता. काय बोलणार? माफ कर असं त्यानेही म्हटलं नाही आणि मीही. कुणी कुणाला करायचं?

जरा वेळाने त्याने चमचा घेतला आणि पिठलं-भात खाल्ला. पंधरावीस भांडी सोडून तेवढंच खाल्लं. "तिखट आहे," म्हणाला. पुन्हा घेतलं.

मग उठला, टोपी घातली, आणि शेडमधून पहार, फावडं आणि साखळी काढली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मला बसवून फाटकातून बाहेर पडला, सगळा फेरा घालून दक्षिणेच्या कोपऱ्यावर आला. खांबाला साखळी बांधली. एका हिसक्यात निघेना. चांगला दोन फूट खोल ठोकला होता ना मी! तिसऱ्या हिसक्याला निघाला. रस्त्याने दोनतीन गाड्या गेल्या. लोक वेग कमी करून बघत होते, दोन बोटं वर करत होते आणि पुढे जात होते. हार्लनही दोन बोटं वर करत होता.

खांब नोवाकच्या फाटकापाशी आणला. त्याने खड्डा खणला, मी खांब सरळ धरला, त्याने माती दाबली. पाटीवर हात फिरवून विचारलं, "कसा म्हणायचा हा?"

"अठराशे चौऱ्याहत्तर."

"अठराशे चौऱ्याहत्तर," तो म्हणाला. ओपलने माझं नाव तीनदा म्हटलं होतं, तसंच त्यानेही ते तीनदा म्हटलं. आता उपयोग काय होता?

सोमवारी मी काउंटीच्या मंडळाला पत्र लिहून सगळं कळवलं. तिघा सभासदांनी वाचलं, एकमेकांकडे पाहिलं आणि फाइल केलं. पूल रखडला तो दोष त्यांचाही होता. माझी नोकरी गेली नाही. जावी असं मला वाटत होतं. डॉरिसला सांगितलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नवव्या दिवशी स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे टाकून म्हणाली, "चल." मग आम्ही दोघी काउंटीतल्या अकराशे घरांपैकी एकूण एक घरी पुन्हा गेलो. ती वाट सांगायची, मी शेरा लिहायची. एकही रकाना कोरा ठेवला नाही. वर्ष लागलं.

आणि भांडं? आठवड्याने माझ्या पायरीवर आलं, टोमॅटोंनी भरलेलं. चिकटपट्टी तशीच. मी ते शिरा घालून परत केलं. ते वांगी होऊन आलं. हार्लन गेला त्या वर्षापर्यंत, म्हणजे पाच वर्षं, ते थांबलं नाही. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्दही बोललो नाही. शेवटी भांडं माझ्याकडे होतं, आता परत करायचं कुणाला?

पुढे आम्ही ओमाहा शहरात आलो. गेल्या वर्षी डॉरिस गेली, म्हणून बावीस वर्षांनी मी त्या गावात पाऊल टाकलं. अर्धीअधिक दुकानं बंद, लुकलुकणारा दिवाही काढलेला. दफनभूमी आता नवीन जागी होती. मोबाइलला रेंज नव्हती. पेट्रोल पंपावर विशीतली एक मुलगी होती, तिला रस्ता विचारला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "सरळ जा, खांबाचा कोपरा आला की उजवीकडे वळा. तिथून दोन मैल."

"खांब आहे तिथे?" मी विचारलं.

"छे, खांब नाहीये," ती हसून म्हणाली. "मी तर कधी पाहिला नाही. पण सगळे तसंच म्हणतात."

"का म्हणतात?"

तिने खांदे उडवले. "कुणास ठाऊक. असेल कधीतरी कुणीतरी लावलेला. तुम्ही जा, चुकणार नाही तुम्ही."

मी गेले. दक्षिणेचा तो कोपरा लांबूनच ओळखला. गवत वाढलेलं होतं, बाकी काही नव्हतं. मी उजवीकडे वळले.